आमसुलाचं चिकन आणि मधुमेहींचं ताट: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

बाबांना मधुमेह असल्याचं कळलं त्या आठवड्यात मी घरात उकडलेलं चिकन करायला लागले. मीठ, मिरपूड, वरून लिंबू आणि बाजूला गाजराच्या चार फोडी. तीन दिवस त्यांनी काही न बोलता खाल्लं. चौथ्या रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरातून डबा उघडल्याचा आवाज आला. जाऊन पाहिलं तर बाबा उभ्या उभ्या बिस्किटं खात होते. "अगं, पथ्याचं असू दे, पण जेवल्यासारखं तरी वाटू दे," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून मी आजीच्या पद्धतीच्या आमसुलाच्या, म्हणजे कोकमाच्या, कोंबडीकडे परतले. तिच्यातलं तेल-खोबरं कमी केलं, बटाटा काढला, गूळ बंद केला, आंबटपणा मात्र तसाच ठेवला. आमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी ही कोंबडी होते. घरात कुणाला नुकताच मधुमेह निघाला असेल, किंवा स्वतःसाठी पहिल्यांदाच रांधायची वेळ आली असेल, तर इथून सुरुवात करा. सगळं मिळून सव्वा तास लागतो आणि त्यातला निम्मा वेळ कोंबडी मुरण्यात जातो.

आधी एक समजून घ्या

चिकनमध्ये कर्बोदकं जवळजवळ नसतात. साखर चढते ती चिकनच्या आजूबाजूला जे येतं त्याने: भाताचा ढीग, रश्श्यातला बटाटा, वडे, आणि चव जुळवायला टाकलेला गुळाचा खडा. कोंबडी-वडे मलाही प्रिय आहेत, पण ते सणावाराला. रोजच्या रात्रीच्या जेवणात ते नकोत.

मग आंबट कशासाठी? आंबटपणा असला की कमी मिठात आणि कमी तेलातही जेवण रुचकर लागतं. मधुमेहाबरोबर रक्तदाबही पुष्कळांना असतो, त्यामुळे मीठ कमी करता येणं ही मोठी गोष्ट आहे. पण आंबट म्हणजे औषध नव्हे. "कोकम खा, साखर उतरते" असं सांगणारे खूप भेटतात. ज्या गोव्यात कोकम घरोघरी वापरलं जातं, तिथेच २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी आरोग्य पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वाधिक, २६.४ टक्के निघालं. कोकम चवीसाठी घाला. औषध डॉक्टरांनी दिलंय तेच घ्या.

बाजारात काय पाहायचं

चिकनवाल्याकडे "स्किनलेस, करी कट, मध्यम तुकडे" एवढं सांगितलं की पुरे. कातडीतच बरीचशी चरबी असते, ती तिथेच काढून घ्या. नुसतं ब्रेस्ट घ्यायची गरज नाही. नवशिक्यांच्या हातून ब्रेस्ट हमखास कोरडं होतं. मांडीचा भाग थोडा जास्त शिजला तरी मऊ राहतो, आणि कातडी काढली की त्यातल्या चरबीचा फारसा बाऊ करायला नको. हाडांमुळे रश्श्यालाही चव येते. चार माणसांना ७५० ग्रॅम पुरतं. हाडं वगळून प्रत्येकाच्या वाट्याला साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिनं येतात.

आमसुलं घेताना जरा वेळ काढा. रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, साल त्याच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवली की आमसूल तयार होतं. चांगलं आमसूल काळपट जांभळं, बोटाने दाबलं तर मऊ आणि किंचित चिकट असतं. फिकट, तपकिरी, कडक झालेलं म्हणजे जुनं. त्याला रंगही नाही आणि आंबटपणाही नाही. वर मिठाचे पांढरे कण दिसले तर घाबरू नका, पाण्यातून एकदा काढा. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे. तिकडून कुणी येणार असेल तर अर्धा किलो मागवून ठेवा, घट्ट झाकणाच्या बरणीत वर्षभर टिकतं.

इथे एक चूक हमखास होते. दुकानात लाल रंगाच्या दोन बाटल्या शेजारी शेजारी असतात, एक आगळाची आणि एक कोकम सरबताची. आगळ म्हणजे मीठ घालून टिकवलेला कोकमाचा रस. सरबताच्या बाटलीत मात्र साखरेचा पाक असतो. लेबलवर घटक वाचल्याशिवाय बाटली घेऊ नका. आगळ वापरणार असाल तर रश्श्यातलं मीठ निम्मं करा.

साहित्य, चार जणांसाठी

चमचा म्हणजे सगळीकडे चहाचा चमचा, पाच मिलीचा.

- स्किनलेस चिकन, हाडासकट: ७५० ग्रॅम
- कांदे: ३ मध्यम
- सुकं खोबरं, किसलेलं: ६ चमचे
- पांढरे तीळ: १ चमचा
- आलं १ इंच, लसूण ८-१० पाकळ्या, हिरव्या मिरच्या २, मूठभर कोथिंबीर
- हळद: अर्धा चमचा
- मालवणी मसाला: २ चमचे (नसला तर लाल तिखट दीड चमचा आणि गरम मसाला अर्धा चमचा)
- लवंगा २, मिरे ४, दालचिनीचा छोटा तुकडा
- शेवग्याच्या शेंगा: २
- आमसुलं: ६ ते ७
- मीठ: सपाट १ चमचा, सगळं मिळून
- तेल: ४ चमचे

तेल आणि मीठ मोजूनच घ्या. बाटलीतून कढईत थेट ओतलेलं तेल चार चमच्यांवर कधीच थांबत नाही. मी चार चमचे वाटीत काढून ओट्यावर ठेवते आणि बाटली कपाटात परत ठेवूनच गॅस पेटवते.

पायरी १: कोंबडी मुरवणं

कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका. आपल्याकडे ही सवय घट्ट बसलेली आहे, पण वाहत्या पाण्याचे शिंतोडे आजूबाजूच्या भांड्यांवर, चिरलेल्या काकडीवर उडतात आणि त्यांबरोबर जंतूही. शिजवताना जंतू मरतात, कोशिंबिरीवर उडालेले मात्र तसेच पोटात जातात. तुकडे कागदी रुमालाने टिपून घ्या. धुतल्याशिवाय मन मानतच नसेल तर पातेल्यातल्या पाण्यात हळूच बुडवून काढा आणि नंतर बेसिन, ओटा, हात साबणाने स्वच्छ धुवा.

आलं, लसूण, मिरची, कोथिंबीर यांचं हिरवं वाटण करा. ते वाटण, हळद आणि अर्धा चमचा मीठ तुकड्यांना चोळा, झाकून फ्रिजमध्ये ठेवा. अर्धा तास पुरे, सकाळी लावून रात्री केलं तर फारच छान. या वेळी लिंबू किंवा आगळ लावू नका. आंबटात बराच वेळ राहिलेलं मांस बाहेरून पांढरं, खडूसारखं कोरडं होतं. आंबट शेवटी घालायचं आहे.

तोवर आमसुलं अर्धी वाटी कोमट पाण्यात भिजत घाला.

पायरी २: भाजलेलं वाटण

जेवणाची चव इथे ठरते, म्हणून घाई करू नका. दोन कांदे उभे पातळ चिरा. लोखंडी तव्यावर एक चमचा तेल घालून मध्यम आचेवर कांदा परता. आधी तो पाणी सोडतो, मग मऊ होतो, मग कडेने तांबूस व्हायला लागतो. पूर्ण तांबूस व्हायला बारा-पंधरा मिनिटं जातात. तव्याला लागायला लागला तर तेल नाही, चमचाभर पाणी शिंपडा, खरवडून घ्या आणि पुन्हा परता. हे दोन-तीनदा करावं लागतं. कांदा काढून त्याच तव्यावर मंद आचेवर खोबरं बदामी भाजा, शेवटी तीळ टाका. खोबरं क्षणात करपतं आणि करपलं की सगळा रस्सा कडवट होतो, तेव्हा तव्यापासून हलू नका.

गार झालं की थोडं पाणी घालून अगदी मऊ वाटा. आजी याच कोंबडीला अख्खा नारळ भाजून घालायची, आपण सहा चमचे सुक्या खोबऱ्यावर भागवतो. रश्श्याला दाटपणा येतो तो भाजलेल्या कांद्याने आणि तिळाने. आमसुलाच्या आंबटाला जो किंचित गोडवा लागतो, तोही या कांद्यातूनच येतो. कांदा अर्धवट भाजला की शेवटी रस्सा नुसता आंबट लागतो आणि हात गुळाच्या डब्याकडे जातो.

पायरी ३: फोडणी आणि वाफ

भांडं स्टीलचं किंवा मातीचं घ्या. आमसुलातलं आम्ल ॲल्युमिनियमला आणि कल्हई नसलेल्या पितळेला लागतं. लोखंडी कढईत रस्सा काळा पडतो आणि धातूची चव येते.

उरलेलं तीन चमचे तेल तापवा. लवंग, मिरे, दालचिनी टाका. तिसरा कांदा बारीक चिरून घाला, चिमूटभर मीठ टाका आणि झाकण ठेवून पाच-सहा मिनिटं मऊ करा. मिठामुळे कांदा लवकर पाणी सोडतो, म्हणून एवढ्या तेलातही लागत नाही.

आता आच मोठी करून चिकन घाला. पाच मिनिटं परता, तुकडे सगळीकडून पांढरे दिसले पाहिजेत. मसाला घाला, आणखी मिनिटभर परता. मग आच मंद करा, भांड्यावर खोलगट ताटली झाका आणि त्या ताटलीत दोन वाट्या पाणी ओता. आत वाफ धरते, वरच्या पाण्यामुळे ती थंड होऊन परत खाली पडते, आणि कोंबडी पाणी न घालता स्वतःच्या रसात शिजते. पंधरा मिनिटं ठेवा, मध्ये एकदा हलवा. ताटलीतलं पाणी एव्हाना गरम झालेलं असतं. रश्श्याला तेच वापरायचं. कोमट-गार पाणी ओतलं की उकळी मोडते आणि चवही उतरते.

पायरी ४: रस्सा

वाटण घाला, दोन मिनिटं परता, ताटलीतलं गरम पाणी ओता. शेवग्याच्या शेंगांचे बोटभर तुकडे आणि उरलेलं मीठ घालून मध्यम आचेवर दहा मिनिटं उकळू द्या. बटाट्याची जागा आपण शेंगांना दिली आहे. रस्सा त्या शोषून घेतात, चोखत खायला वेळ लागतो, जेवण आपोआप सावकाश होतं. शेंगा मिळाल्या नाहीत तर दुधीच्या मोठ्या फोडी किंवा फ्लॉवरचे तुरे चालतात.

शिजलंय का ते पाहायला सगळ्यांत मोठा तुकडा निवडा आणि हाडापाशी सुरीचं टोक घाला. मांस हाडापासून सहज सुटलं पाहिजे, आत गुलाबीसर कच्चेपणा दिसता कामा नये. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मांसाच्या मधोमध ७४ अंश सेल्सिअस दिसलं की झालं.

पायरी ५: आमसूल

आच मंद करा. भिजवलेली आमसुलं आणि त्यांचं पाणी घाला, पाच मिनिटं फक्त. जास्त उकळलं की तुरटपणा उतरतो. थेंबभर रस्सा तळहातावर घेऊन चाखा. जिभेच्या कडांना आंबट लागावं, पण घशात टोचू नये.

फार आंबट झालं तर? गूळ नको, साखर नको. आधी आमसुलं चमच्याने काढून टाका. मग अर्धी वाटी गरम पाणी आणि असलं तर थोडं राखून ठेवलेलं वाटण घालून एक उकळी द्या. मी दरवेळी दोन चमचे वाटण बाजूला काढून ठेवते, ते याचसाठी. कमी आंबट झालं तर गॅस बंद करून लिंबू पिळा. गॅस चालू असताना नको, लिंबाचा वास उडून जातो.

वरून कोथिंबीर घाला. दहा मिनिटं झाकून ठेवलं की रस्सा मुरतो.

ताट वाढताना

आपल्या पंगतीत ताटाची डावी बाजू चटणी-कोशिंबिरीची. वाढताना ती चमचाभरच वाढली जाते आणि भात मात्र मधोमध डोंगरासारखा बसतो. मधुमेहींच्या ताटात हे उलट करायचं. अर्धं ताट कोशिंबीर आणि पालेभाजी, पाव ताट चिकन, पाव ताट भाकरी किंवा भात. वाट्या मोजत बसण्यापेक्षा हे डोळ्यांना लवकर सवयीचं होतं.

कोशिंबिरीला दोन काकड्या चोचवून घ्या, त्यात चार चमचे दही, एक चमचा दाण्याचं कूट, कोथिंबीर, चवीपुरतं मीठ. आणि साखर नाही. आपल्या हातून कोशिंबिरीत चिमूटभर साखर इतक्या सहज पडते की ती घातल्याचंही लक्षात राहत नाही. पालेभाजी जी हंगामात असेल ती, माठ, मेथी, मुळ्याचा पाला, लसणाची फोडणी देऊन परतलेली. सोबत पातळ ताक. सोलकढीत नारळाचं दूध असतं, आणि आज आमसूल रश्श्यात आहेच.

भाकरीविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे गैरसमज फार आहेत. "नाचणीने साखर वाढत नाही, कितीही खा" हे मी जाणत्या लोकांच्या तोंडूनही ऐकलं आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ६७ ग्रॅम कर्बोदकं असतात, ज्वारीत सुमारे ६८ आणि पांढऱ्या तांदळात ७८. म्हणजे अंतर आहे, पण लोक समजतात तेवढं नाही. मोठा फरक तंतूंचा (फायबरचा) आहे. नाचणीत सुमारे ११ ग्रॅम, ज्वारीत १०, तांदळात तीनच्याही आत. तंतूंमुळे पोट भरल्यासारखं वाटतं आणि साखर सावकाश चढते. पण भाकऱ्या तीन खाल्ल्या तर तंतू तरी किती सांभाळणार? ४० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत साधारण २७ ग्रॅम कर्बोदकं जातात. वाटीभर शिजलेल्या भातात, म्हणजे दीडशे ग्रॅममध्ये, ४० च्या वर. एकदा पीठ वजन करून भाकरी थापा आणि तिचा आकार डोळ्यांत साठवून ठेवा. आमच्याकडे थापायला लागले तेव्हा एकेका भाकरीला ७० ग्रॅम पीठ जात होतं.

भात हवाच असेल तर भाकरीऐवजी अर्धी वाटी. दोन्ही नकोत.

खाण्याचा क्रमही बदलून पाहा. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग चिकन, भाकरी सगळ्यांत शेवटी. तेच जेवण या क्रमाने घेतलं तर जेवणानंतरची साखर कमी चढते. सुरुवातीला बाबांना हे विचित्र वाटलं, रस्सा आणि भाकरी सोबतच हवी म्हणायचे. आता ते अर्धी कोशिंबीर आधी संपवतात आणि मग भाकरी रश्श्यात कुस्करतात. तेवढ्यावर आम्ही तडजोड केली आहे. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं गॅलरीत का होईना, चालायचं.

हे मात्र टाळू नका

इन्सुलिन चालू असेल, किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी असेल, तर भात-भाकरी एकदम कमी केल्याने साखर धोकादायक खाली जाऊ शकते. जेवण बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा, डोस बदलावा लागतो. घाम, थरथर, छातीत धडधड, गोंधळल्यासारखं वाटणं ही लक्षणं दिसली आणि साखर ७० (मिग्रॅ/डेसिलिटर) च्या खाली असली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर चिकन किती खायचं तेही डॉक्टरांनाच विचारा.

घरात ग्लुकोमीटर असेल तर या जेवणाची परीक्षा घ्या. जेवणाआधी एकदा, पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. दोन तासांनी १८० च्या आत असावी असं सहसा सांगतात, तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तो धरा. एका आठवड्यात भाकरीबरोबर, पुढच्या आठवड्यात तेच चिकन अर्ध्या वाटी भाताबरोबर. दोन्ही आकडे वहीत लिहा. तुमच्या अंगाला काय मानवतं ते या वहीतून कळेल.

आमसूल नसेल तेव्हा

चैत्र-वैशाखात कैरी. अर्ध्या कैरीच्या फोडी शेंगांबरोबरच घाला, त्या शिजायला हव्यात. टोमॅटो दोन, कांद्यानंतर परतून. चिंच जपून वापरा. तिच्या गरात स्वतःची साखर भरपूर असते, सुपारीएवढा गोळा चार जणांना पुष्कळ झाला. परदेशात असाल तर भारतीय वाणसामानाच्या दुकानात कोकम बहुतेक मिळतं, नाहीतर लिंबू आहेच. दह्यात करायचं असेल तर दही फेटून, गॅस अगदी मंद करून घाला, नाहीतर फाटतं.

उरलं तर

दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवस चांगलं राहतं. ठेवण्याआधी आमसुलं आठवणीने काढून टाका. ती आत राहिली तर रात्रभर आंबट सोडत राहतात आणि दुसऱ्या दिवशी रस्सा तोंडात धरवत नाही. खायचं तेवढंच बाहेर काढून खळखळून उकळा. दुसऱ्या दिवशीच्या रश्श्यात मी मूठभर माठाचा पाला चिरून टाकते, त्याने आंबटही जरा निवतं.